पडद्यावर नुसता हात

५ सप्टेंबर

प्रिय भिंगरी,

फोन न करता पत्र लिहितेय. फोनवर मी तक्रार सुरू केली की तू "हो वहिनी, हो वहिनी" म्हणत राहतेस आणि तुझा दादा पेपराआडून ऐकत असतो. तुम्हा दोघांच्या मध्ये माझं वाक्य अर्धंच राहतं. कागद निदान मध्ये बोलत नाही.

तर ऐक. आमचे विज्ञानाचे सर उन्हाळ्यात निवृत्त झाले. भूगोलाच्या बाईंनी नवऱ्याच्या गावी बदली करून घेतली. दोघांच्या बदल्यात शाळेला काय मिळालं, तर कपाटाएवढा एक पडदा आणि तुमच्या संस्थेचे चारशे बारा व्हिडिओ. प्रत्येक पाच मिनिटांचा. विज्ञान, भूगोल, इतिहास, व्याकरण, आरोग्य, काही सोडलेलं नाही. मी गणिताची बाई, पण आता आठवड्याचे नऊ तास माझ्या नावापुढे वेळापत्रकात 'पडदा' असं लिहिलंय. नववीच्या वर्गात जायचं आणि बटण दाबायचं. ते बटणसुद्धा, म्हणजे रिमोट, मुख्याध्यापकांच्या खणात असतं, रोज मागून आणावं लागतं.

परवा पचनसंस्था झाली. पाच मिनिटांत घास तोंडातून आत गेला, सगळा प्रवास करून बाहेरही पडला. माणसाला नुसतं नीट चावायला याहून जास्त वेळ लागतो. उरलेली पस्तीस मिनिटं मी काय करू? मुलं विचारतात, बाई, पोटात आम्ल असतं तर पोटच कसं जळत नाही? मला येत नाही. व्हिडिओ परत लावला, तर तो तेच वाक्य त्याच सुरात परत म्हणतो. दहादा विचारा, दहादा तेच. एवढा निगरगट्ट तर आमचा लिपिकही नाही.

आणि उकळत्या पाण्याचा व्हिडिओ कुणी केलाय? पडद्यावरचा तो हात तापमापी पाण्यातून बाहेर काढतो, वर धरतो आणि मग आकडा वाचतो. एका मुलीने बोट दाखवलं तेव्हा मला कळलं.

मुख्याध्यापकांकडे गेले, तर म्हणाले, "तुमच्याच नणंदेचं काम आहे, तुमची तक्रार कशी असेल?" शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी माझ्याकडे न बघता म्हणालं, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. दांडा मी की तू, ते त्यांनी सांगितलं नाही.

उत्तर लिही. "हो वहिनी" सोडून काहीही.

वहिनी


१४ सप्टेंबर

ती. वहिनींना,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा राग आला.

तापमापीची चूक आमची. तो भाग काढून टाकायला सांगितलंय, दोन महिने लागतील. पण बाकीचं तुम्ही न विचारता ठरवलंत. व्हिडिओ पाच मिनिटांचाच असतो, कारण तो तास नव्हे, तासाची सुरुवात आहे. पुढच्या पस्तीस मिनिटांत काय करायचं त्याची शिक्षकांसाठी पुस्तिका आहे, प्रत्येक व्हिडिओला दोन पानं. चारशे बारा व्हिडिओंची ती पानं मी आणि दोन मुलींनी आठ महिने खपून लिहिलीत. तुमच्या शाळेला दोन गठ्ठे गेल्याची पावती माझ्यासमोर आहे. ते कुठे गेले, तेवढं विचारा.

नुसता हात का दिसतो असं तुम्ही विचारलं नाहीत, पण सगळे विचारतात म्हणून सांगते. शिकवणाऱ्याचा चेहरा दिसला की मुलांचं लक्ष चेहऱ्याकडे जातं, विषयाकडे नाही. तसा अभ्यास झालाय, तो वाचूनच आम्ही ठरवलं.

आणि वहिनी, निकाल बोलतात. तुमच्या नववीची पहिली चाचणी एक्याऐंशी टक्के आली. अकरा शाळांत तुम्ही दुसऱ्या आहात. बटण दाबणारी बाई म्हणून तुम्ही स्वतःला हिणवता, पण आकडा काही वेगळंच सांगतोय.

मी शाळेतली नोकरी सोडली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "शिकवण्यापासून पळालीस." सगळ्यांसमोर, जेवताना. दादा तेव्हाही काही बोलला नाही. त्यानंतर माझं कुठलं काम तुम्हाला आवडलंय, ते आठवून कळवा.

तुमची,
भिंगरी


२ ऑक्टोबर

प्रिय भिंगरी,

गठ्ठे सापडले. सुतळीसुद्धा न सोडलेले. संगीताच्या खोलीत पेटीचा एक पाय तुटलाय, त्याखाली तुझे आठ महिने व्यवस्थित बसवलेले होते. मी ते काढले, पेटी कलंडली आणि संगीताचे सर माझ्याशी बोलेनासे झाले. म्हणजे तुझ्यापायी माझं आणखी एक माणूस तुटलं.

पुस्तिका चांगली आहे. हे मी सहज म्हणत नाही. आम्लाचं उत्तरही तिच्यात आहे, तेही आतल्या अस्तराच्या चित्रासकट. पण प्रत्येक पानावर लिहिलंय, 'प्रयोगशाळेत नेऊन करून दाखवा.' प्रयोगशाळेला सर गेल्यापासून कुलूप आहे. किल्ली विज्ञान शिक्षकालाच द्यायची असा नियम, आणि विज्ञान शिक्षक नाही. मी अर्ज केला. अर्जावर शेरा आला: 'पडद्याची सोय केलेली आहे.' आता डोकं आपटायचं तर ते तरी कुठे, पडद्यावरच ना?

जेवताना जे बोलले ते आठवतं. नको होतं बोलायला. पण खोटं होतं असं अजूनही म्हणवत नाही, म्हणून माफी मागत नाही.

एक मुलगी मात्र मला वेड लावणार. खिडकीपाशी पहिल्या बाकावर बसते. फारशी बोलत नाही म्हणून वर्गाने तिचं नाव गप्पी ठेवलंय. तापमापीची चूक हिनेच दाखवली होती. गणितात पहिल्या पाचांत. विज्ञानाच्या सरांची तर लाडकी, गेल्या वर्षी त्यांच्याकडे नव्वदच्या खाली उतरली नाही. आणि यंदा पडद्याच्या तासाला खुशाल खिडकीबाहेर बघत बसते. चाचणीत दहापैकी तीन. मी विचारलं, व्हिडिओत काय सांगितलं? ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हात दिसला." वर्ग हसला. मला वाटलं उद्धटपणा करतेय, सर गेले त्याचा राग काढतेय. तास संपेपर्यंत उभं केलं.

एक्याऐंशीबद्दल नंतर कधीतरी लिहीन.

वहिनी


२० ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

पुस्तिका चांगली आहे हे वाक्य मी कापून टेबलावर लावलंय. संगीताच्या सरांना माझ्याकडून सॉरी सांगा.

बातमी चांगली आहे, म्हणून घाईने लिहितेय. शिक्षण खात्यापुढे आमच्या साहेबांनी अकरा शाळांचा अहवाल ठेवला. तुमच्या शाळेचं नाव त्यात पहिल्या पानावर आहे, 'विषय शिक्षक नसतानाही' या शब्दांत. खातं खूश झालंय. पुढच्या वर्षी साठ शाळा. मला सगळ्या विषयांची प्रमुख केलंय. दादाला अजून सांगितलं नाही, आधी तुम्हाला.

जानेवारीत आमची माणसं तुमचा तास चित्रित करायला येतील. तुम्ही नाही म्हणू नका. मुलांची पुढची चाचणीही अशीच येऊ दे. एवढ्यात घसरली तर साहेब मला शब्दात धरतील.

गप्पीला रागावू नका. काही मुलांना पडद्याची सवय व्हायला वेळ लागतो. तिला मागे बसवून बघा, लांबून पडदा जास्त नीट दिसतो.

तुमची,
भिंगरी


२९ ऑक्टोबर

भिंगरी,

तू सांगितलंस म्हणून गप्पीला मागे बसवलं. तीन दिवसांत तिचं गणितही गेलं.

मग माझ्या मठ्ठ डोक्यात काहीतरी हललं. गुरुवारी मी फळ्याकडे तोंड करून उदाहरण सांगत होते. मध्येच वळून पाहिलं तर सगळे लिहितायत आणि तिची पेन्सिल थांबलेली. मी वर्गाकडे तोंड करून बोलले, तिची पेन्सिल चालू. परत फळ्याकडे वळले, बंद. मी सरळ मागे जाऊन तिच्या पाठीशी उभी राहिले आणि डस्टर जमिनीवर टाकलं. सदतीस मुलं दचकली. ती हलली नाही.

तिला ऐकू येत नाही, भिंगरी. अगदीच नाही असं नाही, पण जवळजवळ. ती ओठ वाचते. इतकी वर्षं, इतके शिक्षक, कुणाला पत्ता नाही. तिची आई कपडे शिवायच्या कारखान्यात जाते, तिला बोलावलं. म्हणाली, लहानपणी कान फुटला होता. पण पोरगी सगळं समजते, मार्क आणते, मग उगाच बोभाटा कशाला? बहिऱ्यांच्या शाळेत घालतील ही भीती. मग मी निवृत्त सरांच्या घरी गेले. त्यांना माहीत होतं. तिनेच त्यांना सांगितलं होतं आणि कुणाला सांगू नका म्हणाली होती. म्हणून त्या माणसाने तीन वर्षं कधी वर्गाकडे पाठ करून शब्द उच्चारला नाही. आधी बोलायचे, मग वळून लिहायचे. आम्ही त्यांना संथ म्हणून हसायचो.

त्या मुलीला यंदा रोज दोन-दोन तास एक हात दिसतो, भिंगरी. ओठ नाहीत, डोळे नाहीत, खाली एक अक्षर नाही. नुसता हात. ती मला खरंच सांगत होती, आणि मी तिला उभं केलं.

चेहरा नको असं ठरवणारा शहाणा कोण, त्याचं नाव मला कळव. मी त्याला स्वतंत्र पत्र लिहीन.

आता एक्याऐंशी. ते माझं आहे. चाचणीच्या दिवशी मुख्याध्यापकांनी प्रश्नपत्रिकांसोबत उत्तरांचा कागदही माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "शाळेची लाज तुमच्या हातात आहे." मी बाकांमधून फिरत दहापैकी आठ उत्तरं वाचून दाखवली. दोन सोडली, संशय नको म्हणून. इतकी वर्षं मुलांच्या कॉप्या पकडल्या आणि शेवटी हे. गप्पीला तीनच का पडले, ते आता तुला कळेल. मी तिच्या पाठीमागून वाचत होते. माझ्या वर्गात स्वतःच्या डोक्याने पेपर लिहिणारी ती एकटी होती.

आणि काल सूचना लागली. विज्ञानाची जागा भरायची नाही, रद्द. कारण काय, तर निकाल उत्तम आहे. भूगोलाचीही जाणार.

तू मला आनंदाची बातमी दिलीस ना, ती ही.

वहिनी


१ डिसेंबर

प्रिय वहिनी,

महिना झाला. चार पत्रं लिहिली आणि फाडली. तुम्ही दादाकडून दोनदा फोन करवलात, मी उचलला नाही. हे पाचवं, आता लिहीन तसं जाईल.

तो शहाणा मी.

पहिले चाळीस व्हिडिओ माझ्या चेहऱ्याचे होते. तुम्ही ते पाहिले नसणार, सहा महिन्यांत काढून टाकले. ते सगळ्यांना खुले होते आणि खाली कुणालाही काहीही लिहिता यायचं. लोकांनी शिकवण्याबद्दल चार ओळी लिहिल्या असतील. बाकी सगळं माझ्या दातांबद्दल. 'बाई शिकवतायत की दात मोजून घेतायत.' त्याखाली आठशे जणांनी हसल्याचं चिन्ह टाकलं होतं. मी ऑफिसात सगळ्यांबरोबर हसायचे. मग एकदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिले आणि तोंड उघडेना. नंतर मी साहेबांना म्हटलं, चेहऱ्यामुळे लक्ष विचलित होतं. त्यांनी पुरावा मागितला, मी असा एक अभ्यास शोधून आणला. शोधलं की काहीही सापडतं. उलटं सांगणारे दोन सापडले होते, ते मी दाखवले नाहीत. चारशे बारा व्हिडिओंतला तो हात माझाच आहे, वहिनी. आवाज तेवढा यंत्राचा.

दुसरं. सातवा प्रश्न आठवतोय? 'यांपैकी कीटक नसलेला कोण: मुंगी, कोळी, माशी, झुरळ.' उत्तर कोळी. आमच्या उत्तरांच्या कागदावर चुकून झुरळ छापलं गेलं. सप्टेंबरात अकरा शाळांचे पेपर माझ्याकडे आले, आणि बहुतेक सगळ्या मुलांनी झुरळावर खूण केलेली. वर्गात एखाद-दोघे चुकतात, सगळा वर्ग एकाच चुकीवर बोट ठेवत नाही. तुमच्या वर्गात अडतीसपैकी सदतीस झुरळं आणि एक कोळी. मला त्या क्षणी कळलं. मी कागद खणात ठेवला आणि तुम्हाला 'निकाल बोलतात' असं पत्र लिहिलं.

म्हणजे तुम्ही वाचून दाखवलंत, ते मला तुमच्याआधी माहीत होतं. तुम्ही सांगाल याची वाट बघत होते आणि सांगू नये असंही वाटत होतं. बढती मिळायची होती.

त्या एका बरोबर उत्तराला आम्ही शून्य दिलं.

परवा साहेबांपुढे मी तो तक्ता ठेवला. तो बाजूला सारून ते म्हणाले, "छपाईची चूक आहे, पुढच्या वेळी नीट छापू." मी म्हटलं, चूक छपाईची नाही. ते म्हणाले, "साठ शाळांचा करार झालाय." एवढंच. भिंतीशी बोलल्यासारखं. खाली अक्षरं तरी द्या म्हटलं, तर पुढच्या वर्षी बघू.

आता तुम्ही सांगा काय करू. शाळेतून पळाले तेव्हा तुम्ही बरोबर म्हणाला होतात. कशापासून पळाले, ते फक्त तुम्हाला माहीत नव्हतं: तिथेही मुलं माझ्या दातांनाच हसायची.

भिंगरी


६ डिसेंबर

प्रिय भिंगरी,

तुझ्या दातांना हसणाऱ्या आठशे जणांना माझ्या वर्गात आणून बसव. एकेकाला उभं करते.

हे तू मला तेव्हा सांगायचं होतंस. मी सांगण्यासारखी नव्हते, हेही खरं.

काय करायचं ते विचारलंस. मी माझ्यापुरतं केलंय. शिक्षण खात्याला सहीनिशी पत्र दिलं: नववीच्या चाचणीत आठ उत्तरं मी वाचून दाखवली, तो निकाल धरू नये, परीक्षा परत घ्यावी. तुझा दादा पहिल्यांदाच पेपर खाली ठेवून बोलला. म्हणाला, "निवृत्तीला चार वर्षं राहिलीत, गप्प बसता येत नाही का?" मी म्हटलं, गप्प बसण्यात या घरात तुमचा हात कुणी धरणार नाही, मला जमायचं नाही. मग तो दोन दिवस खरंच बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पत्राची कार्बन प्रत काढून तिच्यातली शुद्धलेखनाची चूक दाखवली. म्हणजे वाचलं होतं.

मुख्याध्यापकांनी माझं वर्गशिक्षकपद काढून घेतलं आणि खुलासा मागितला. उत्तरांचा कागद कुणी दिला ते मी खुलाशात लिहिलं. आता ते मला जिन्यात रस्ता देत नाहीत.

तुझा तक्ता मला पाठव. नुसत्या माझ्या पत्राने एक बाई वाईट ठरेल. तक्त्याने कळेल की अकराच्या अकरा वर्गांत कुणीतरी फिरत होतं. नोकरीवर बेतेल तुझ्या. मी पाठव म्हणते, पण पाठवलं नाहीस तर पुन्हा जेवताना बोलणार नाही.

वर्गाचं म्हणशील तर एक युक्ती सापडली. व्हिडिओ आदल्या दिवशी मी एकटी बघते, तुझी पुस्तिका शेजारी ठेवून. दुसऱ्या दिवशी वर्गात आवाज बंद करते आणि पडद्याशेजारी, वर्गाकडे तोंड करून, मी बोलते. मध्येच थांबवते. हात थांबतो, मी विचारते, आता पुढे काय होईल? मुलं भांडतात, मग चालू करते. पाच मिनिटांच्या व्हिडिओला चाळीस मिनिटं पुरत नाहीत. चुकतेही खूप. परवा उष्णतेचं वहन आणि अभिसरण यांत गोंधळ केला, तर गप्पीनेच दुरुस्त केलं. ती पहिल्या बाकावर परत आलीय. तिची मी माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर, कारण उभंही सगळ्यांसमोर केलं होतं. तिने मान हलवली आणि विचारलं, पुढचा व्हिडिओ कधी?

वहिनी


२५ जानेवारी

प्रिय वहिनी,

तक्ता तुम्हाला पाठवला आणि खात्यालाही, माझ्या सहीने. त्यावर खात्याने अकराही शाळांत परीक्षा परत घेतली, ते तुम्हाला माहीत आहेच. फेरपरीक्षेचे पेपर आमच्याकडे तपासायला आले होते. अकरा शाळांची सरासरी चौतीस. तुमचा वर्ग बेचाळीस. दुसऱ्या नाही, पहिल्या आहात. हसू की रडू कळेना.

प्रमुखपद गेलं. काढून टाकलं नाही, कारण मला काढलं तर मी आणखी बोलेन असं साहेबांना वाटतं. मला एका कोपऱ्यात बसवलंय आणि जुन्या व्हिडिओंखाली अक्षरं घालायचं काम दिलंय. शिक्षा म्हणून दिलंय, पण हेच मी मागितलं होतं. दोन दिवसांत तीन होतात. चारशे बारा व्हायला वर्ष लोटेल, तोवर गप्पीची नववी संपलेली असेल. साठ शाळांचा करार तसाच आहे, तारीख तेवढी पुढे गेली.

माझे चेहऱ्याचे चाळीस व्हिडिओ शोधले. पुसून टाकलेत, मीच सांगितलं होतं. म्हणून एक नवीन केलाय, घरी, खुर्चीवर पुस्तकं रचून त्यावर फोन ठेवून. तुमचा पुढचा धडा ध्वनी आहे ना, तोच. निवृत्त सरांना फोन करून विचारलं, तर त्यांनी त्यांच्या जुन्या शिष्याच्या कॉलेजात पाठवलं, तिथे काचेचं भांडं आणि हवा काढायचा पंप मिळाला. भांड्यात घंटा. बोलताना अकरा वेळा थांबले. बाराव्यांदा दात विसरले.

हा संस्थेचा नाही, कुणाला विचारलेलं नाही. फक्त तुमच्या वर्गासाठी. आवाज बंद करायची गरज नाही, पण केलात तरी चालेल. कसा वाटला ते कळवा. मला नाही, तिला विचारून कळवा.

तुमची,
भिंगरी


९ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

आधी वाईट बातम्या, म्हणजे संपतील. विज्ञानाची जागा परत मिळाली नाही. आठवड्यातून तीन दिवस एक शिक्षिका येणार, तीही दुसऱ्या शाळेशी वाटून, आणि ती अजून आलेली नाही. भूगोल पडद्यावरच. माझ्या सेवापुस्तिकेत ताशेरा बसला. मुख्याध्यापकांना खात्याने फक्त समज दिली, त्यांनी ती शांतपणे घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून बटण माझ्याकडेच राहू दिलं. त्यांच्या बाजूने हीच माफी असावी. प्रयोगशाळेची किल्ली मात्र अजून नाही.

तुझा व्हिडिओ सोमवारी लावला. सुरुवातीला तू दिसलीस तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसलं. मी वळून बघायच्या आत गप्पी उठून उभी राहिली आणि मागे बघितलं. तेवढंच. परत हसू आलं नाही.

तिला विचारलं, कसा वाटला? म्हणाली, "त्या फार भरभर बोलतात. 'कंपन' म्हणताना खाली बघतात, मग तो शब्द गेला." आणि पंपाशी वाकतेस तेव्हा पुरं अर्धं वाक्य पाठमोरी बोलतेस. हे लिहून ठेव. तेराव्यांदा करावा लागेल.

घंटेचा भाग तिने चार वेळा थांबवायला लावला. हवा आहे, घंटा वाजतेय. हवा काढली, घंटा हलतेय पण ऐकू येत नाही. वर्ग थक्क झाला. मीही झाले, मी हा प्रयोग कधी पाहिला नव्हता. तास संपल्यावर सगळे गेले आणि ती माझ्या टेबलापाशी आली. बोलली कमी, वहीत लिहून दाखवलं. तसंच उतरवते:

'बाई, हवा काढल्यावर घंटा सगळ्यांना जशी दिसली, तशी मला हवा असतानाही दिसत होती. मला दोन्हीकडे सारखंच. मग माझ्यासाठी हा प्रयोग कसा करायचा? भांड्याला हात लावला तर फरक कळेल का?'

तुझी पुस्तिका पाहिली, त्यात नाही. व्हिडिओ परत लावला, तोही तेच सांगतो. सरांना विचारलं, ते म्हणाले की भांड्याचं बूड कशावर टेकलंय, घंटा कशाला टांगलीय, यावर आहे. हात लावूनच बघावं लागेल. मी तिला सांगितलं, मला माहीत नाही. ती म्हणाली, "मग कुणाला माहीत आहे?"

शनिवारी अर्धा दिवस शाळा असते. भांडं, घंटा आणि तो पंप घेऊन ये. किल्ली नसली तर पायऱ्यांवर बसून करू.

तुझी,
वहिनी